वाकडी पलटण

९ जानेवारी

ती. वन्संना,
चिमणीचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. फोनऐवजी पत्र लिहिता हे फार बरं करता. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला बोलायला मिळत नाही. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं.

तुम्ही लिहिलंत की तुमच्या भावाला जाऊन तीन वर्षं झाली, मीही नोकरीतून सुटले, तर एकटी या घरात काय करते? घर विकू, अर्धं तुमचं, अर्धं माझं, आणि मी तुमच्याकडे कायमची राहायला यावं. काय करते ते आधी सांगते, मग तुम्हीच बघा यायला सवड आहे का.

मी सैनिक रंगवते. टेबलावर लढाई मांडून खेळायचा एक खेळ असतो, त्यातले सैनिक. करंगळीपेक्षा लहान. जुन्या सामानाच्या दुकानात इस्त्रीचं टेबल बघायला गेले होते, तिथे एका बुटाच्या खोक्यात हे सगळे कोंबलेले होते. कुणीतरी हौसेने घेतले, अर्धेमुर्धे रंगवले आणि कंटाळून टाकले असणार. रंग इतका जाड थापलेला की नाकं-डोळे बुजून गेलेले. त्यातल्या एकाच्या झेंड्याचं कापड तुटून गेलं होतं, तरी तो नुसती काठी उंच धरून उभा होता. त्याला बघितलं आणि मी इस्त्रीचं टेबल विसरले.

आता माझा गाढवपणा ऐका. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात जन्म गेला माझा. मळकं काही आलं की आधी उकळतं पाणी आणि सोडा, हे माझ्या हातांना सांगावं लागत नाही. घरी आले, खोकं सरळ पातेल्यात उलटं केलं आणि गॅस मोठा केला. रंग हलला नाही, सैनिक मात्र हलले. प्लास्टिकच्या भाल्यांनी माना टाकल्या, गुडघे वाकले, घोडे फेंगडे झाले. धातूचे होते ते वाचले, पण त्यांचा जुना गोंद सुटला आणि सगळे हात तळाशी जाऊन बसले. झाऱ्याने हात काढले मी वन्सं, एकेक करून.

रडू येईल असं वाटलं होतं, पण हसूच आलं. आयुष्यभर लोकांचे डाग काढले, आता मुद्दाम लावणार आहे. तेव्हा सध्या येणं जमायचं नाही.

तुमची,
चिमणी


२० जानेवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. साठी बुद्धी नाठी म्हणतात, पण तू साठी गाठायचीही वाट पाहिली नाहीस. बाहुल्या खेळायच्या वयात तू चादरी पिळत होतीस हे मला माहीत आहे, म्हणून काय आता खेळायच्या? शेजारीपाजारी काय म्हणत असतील? पातेलं तरी घासून घेतलंस का?

हे बघ, मी तुझ्या भल्याचंच सांगते. एकट्या बाईने तिसऱ्या मजल्यावर राहायचं, काही झालं तर दार फोडावं लागेल. इथे तुला वेगळी खोली काढली आहे. यांच्या खोलीला लागूनच आहे, मधे दार आहे, त्यामुळे हवा खेळती राहते. नवी गादी टाकली आहे. तुला काही म्हणता काही करायचं नाही, बसून खायचं.

ते घर माझ्या वडिलांनी घेतलेलं आहे, निम्मं माझ्या नावावर आहे, हे तू विसरणार नाहीस अशी आशा आहे. मी काही हक्क गाजवत नाही. पण गिऱ्हाईक चांगलं आलं आहे आणि थोरल्याने सगळे कागद तयार केले आहेत. तुझी सही झाली की काम झालं.

ते सैनिक कुणाला तरी देऊन टाक.

तुझी,
वन्सं


२ फेब्रुवारी

ती. वन्संना नमस्कार.

पातेलं घासलं. आता ते त्यांचंच झालं आहे.

इथे सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक हॉल आहे, तिथे दर रविवारी हा खेळ चालतो असं सामानवाल्याने सांगितलं. पिशवी घेऊन जिना चढले. आत सगळे पुरुष, बहुतेक माझ्या भाच्यांच्या वयाचे. त्यांना वाटलं मी कुणाची तरी आई, डबा घेऊन आले. मी माझी वाकडी पलटण टेबलावर ओतली तेव्हा सगळे भोवती जमले. मग एकाने विचारलं, "काकू, यांना काय झालं?" मी म्हटलं, "उकडले." हसले बिचारे, पण खुर्ची दिली.

तिथे एक दातांचे डॉक्टर येतात. त्यांनी सांगितलं, जुना रंग काढायला फरशी पुसायच्या औषधात दोन दिवस बुडवायचे आणि दात घासायच्या ब्रशने घासायचे. आणि वाकलेला भाला सरळ करायला पुन्हा गरम पाणीच लागतं, फक्त उकळतं नको. मऊ झाला की बोटाने सरळ धरायचा आणि लगेच गार पाण्यात बुचकळायचा. तसे निम्मे सरळ केले. निम्मे नाही केले. डॉक्टर म्हणाले, "सगळे करा की, सोपं आहे." पण मी बघत होते ना, त्यातला एक वाकून बुटाचा बंद बांधतोय असा दिसतो, एक दमून भाल्यावर रेललाय. लढाईत सगळेच काय कवायतीला उभे असतात? राहू दे म्हटलं.

काल मोठं काम केलं. तिघांचे पाय गुडघ्यातून कापले, एकाचं डोकं दुसऱ्याला बसवलं आणि ज्याला हात उरलाच नव्हता त्याला डॉक्टरांनी दिलेल्या, कणकेसारख्या मळायच्या लुकणाचा नवा हात केला. टाचणीएवढं भोक पाडून आत तार घालावी लागते, नाहीतर टिकत नाही. हात जरा जाडच झाला आहे, माझ्यासारखा.

डोळे काढू नका असं सगळ्यांनी बजावलं होतं, नवख्याने नुसती सावली सोडावी म्हणे. मी काढले. चौघे चकणे झाले आणि एक कायमचा दचकलेला दिसतो. तरी सगळ्यांना काढणार. माझी पलटण आहे, तिला दिसलं पाहिजे.

एक विचारू? माझी खोली भावोजींच्या खोलीला लागून, मधे दार. त्यांची तब्येत कशी आहे? दोन पत्रांत तुम्ही त्यांच्याबद्दल अवाक्षर लिहिलेलं नाही, आणि एरवी त्यांना शिंक आली तरी तुम्ही पानभर लिहिता.

चिमणी


१२ फेब्रुवारी

चिमणे,

तुझं पत्र थोरल्याने जेवताना मोठ्याने वाचलं, कारण माझा चष्मा सापडत नव्हता. "तिघांचे पाय गुडघ्यातून कापले" इथपर्यंत आला आणि सूनबाईने घास खाली ठेवला. त्याने आधीचं पत्र वाचलेलं नव्हतं. सगळं समजावून सांगेपर्यंत माझं जेवण निवलं. समजल्यावर तो म्हणाला, "आई, हे तर त्याहून काळजीचं आहे."

यांना थोडं बरं नसतं. वय झालं. त्याचा आणि खोलीचा काही संबंध नाही. तू उगाच ओळींच्या मधलं वाचत बसू नकोस, ओळीच वाच.

१ मार्चला रविवार आहे. थोरला गाडी घेऊन सकाळी तुझ्याकडे येईल. सही करायची, चार कपडे घ्यायचे आणि त्याच्याबरोबर निघायचं. बाकीचं सामान मागाहून आणता येईल. मी त्याला सांगून ठेवलं आहे की मामी आढेवेढे घेईल, तू ऐकू नकोस.

वन्सं


३ मार्च

ती. वन्संना,

थोरला परत आला असेल आणि त्याने त्याचं सांगितलं असेल. आता माझं ऐका.

१ मार्चला आमच्या हॉलमध्ये वर्षातली मोठी लढाई असते. तिथे नियम आहे, कोरा सैनिक टेबलावर चालत नाही. निदान तीन रंग हवेत आणि पायाखाली जमीन हवी. मी आदल्या दिवसापर्यंत बसून सगळ्यांना जमीन दिली. टिकलीएवढ्या चकतीवर गोंद, त्यावर चाळलेली वाळू, वापरून वाळवलेली चहाची पत्ती, वर थोडा करडा रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने. अशी कामं टाकून मी गाडीत बसेन असं तुम्हाला वाटलंच कसं? दारावर चिठ्ठी लावली, "सायकलच्या दुकानावर आहे", आणि गेले.

थोरला तिथे आला तेव्हा माझी पाळी होती. बँकेतल्या एका माणसाशी सामना होता. त्याची पलटण अशी चकाचक, जशी काही लग्नाला निघाली आहे.

"मामी, चला, गाडी खाली उभी आहे."

"माझी पाळी आहे."

"नुसती सही करा, मग खेळा हवं तर."

"बस त्या स्टुलावर. आणि टेबलाला धक्का लावू नकोस."

बसला बिचारा. तुमचा मुलगा वाईट नाही वन्सं, पण त्याला कुणी कधी थांबायला लावलेलं दिसत नाही. तो माझे सैनिक बघत बसला आणि मी फासे टाकत टाकत त्याला विचारत गेले. बाबा कसे आहेत? बरे आहेत. फिरायला जातात का? नाही. का? तर म्हणाला, "मामी, बाबा सप्टेंबरपासून उठलेच नाहीत. न्हाणीघरात पडले तेव्हापासून. सगळं अंथरुणातच. आईची कंबर पार गेली आहे. तुम्ही आलात की तिला आधार होईल."

माझ्या हातातला फासा हातातच राहिला. बँकवाला म्हणाला, "काकू, टाकताय ना?"

मी थोरल्याला विचारलं, "तू का नाही उचलत बापाला?"

"मला कुठे सवय आहे?"

"मला तरी ब्रशची कुठे होती?" असं मी म्हटलं, आणि मग जे बोलले ते त्याने तुम्हाला सांगितलंच असेल. सही केली नाही. करणार नाही.

वन्सं, मला राग आला आहे आणि तो मी गिळणार नाही. ताकाला जाऊन भांडं लपवलंत. "बसून खायचं" लिहिलंत, आणि मधल्या दाराला हवेचं निमित्त. मला सरळ लिहायचंत की माझा जीव मेटाकुटीला आला आहे, चार दिवस ये, तर मी रात्रीची गाडी पकडली असती. पण कायमची, माझं घर विकून? तुमच्या घरात दोन दणकट मुलगे आहेत. बाप त्यांचा. मग त्याची चादर बदलायला भावाची विधवा कशाला हवी? आजाऱ्यांच्या चादरी मी हजारोंनी धुतल्या. माझा वाटा झाला देऊन.

सामना हरले. तासाभरात सगळे आडवे. वाकडे मात्र सरळांपेक्षा जास्त वेळ टिकले, हे बँकवाल्यानेच कबूल केलं.

चिमणी


९ मार्च

उचलली जीभ लावली टाळ्याला.

तुला काय कळणार घर चालवणं? तू नोकरीला, माझा भाऊ नोकरीला, मूल नाही, बाळ नाही. दोघांनी दोन किल्ल्या घेऊन फिरायचं. मी चाळीस वर्षं या घरात सगळ्यांच्या आधी उठते. मुलगे कामाला जातात. सूनबाईने लग्नाआधीच सांगितलं होतं, नोकरी सोडणार नाही. पुरुषांनी अंथरुणातलं करायचं? यांना ते आवडेल? बाहेरचा माणूस लावला तर हे त्याला हात लावू देत नाहीत. मग राहिलं कोण? मी अडुसष्टची आहे. यांना कुशीवर वळवते तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकतात. कुणाला सांगू? तुला सांगितलं असतं तर तू चार दिवस आली असतीस आणि पाचव्या दिवशी पिशवी उचलली असतीस. म्हणून नाही सांगितलं.

माझा निम्मा वाटा मी विकणार. मग कुणीतरी परका येऊन तुझ्या दिवाणखान्यात बसेल, तेव्हा रंगव तुझ्या बाहुल्या.

वन्सं


१६ मार्च

ती. वन्संना नमस्कार.

विका. परका आला तर त्यालाही ब्रश देईन.

मी तीन वेळा लिहायला बसले आणि तीन वेळा कागद फाडला, कारण प्रत्येक वेळी तुमच्याशी भांडायचं म्हणून सुरुवात करायची आणि "काजवे चमकतात" या ओळीपाशी अडकायची. तुम्ही मला लग्नाच्या मांडवात चिमणी म्हणालात तेव्हापासून आज पहिल्यांदा तुम्हाला काही दुखतं असं लिहिलंत. मला तुमचा राग आहेच. पण तुमची दयाही येते आणि हे दोन्ही एकदम कसं होतं ते मला सांगता येत नाही.

भावोजींना आवडणार नाही म्हणता. नाही आवडणार. माझ्या पलटणीतला नव्या हाताचा शिपाई मला आवडत नव्हता, आता त्याच्याशिवाय चालत नाही. सवय लागते हो. मुलगे कामाला जातात म्हणता. मीही जात होते, परत आल्यावर तुमच्या भावाचं दुखणं काढत होते, दीड वर्ष. तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात की बाईमाणसाला ताकद देवच देतो. देव देत नाही वन्सं. कुणी उठत नाही म्हणून आपण उठतो, आणि आपण उठतो म्हणून कुणी उठत नाही.

मी येणार नाही. कायमची तर नाहीच, चार दिवसही नाही, कारण मी आले की तुमच्या मुलांना पुन्हा सुटी. त्यापेक्षा तुम्ही इकडे या. रंगवायला म्हणत नाही, झोपायला या. माझ्याकडे दुसरी खाट आहे आणि सकाळी तुम्हाला कुणी हाक मारणार नाही.

आणि तुमच्यावाचून तुमचं घर चालेल. मोडलं तर मोडू द्या थोडं. मी अख्खी पलटण उकडली, तरी लढलीच ना.

चिमणी


४ एप्रिल

चिमणे,

तुझं पत्र वाचून मी त्याचे तुकडे केले आणि वर दोन दिवस घरात भांडी आपटली. मला शिकवणारी तू कोण, असं मनात चाललं होतं. शिकवणाऱ्या बाईला सैनिकांचे धड डोळे काढता येत नाहीत.

मंगळवारी नेहमीसारखी पहाटे जाग आली. पाय खाली सोडले, चपला पायाला लागल्या, आणि काय झालं कुणास ठाऊक, मी पाय परत वर घेतले. उठलेच नाही. आजारी नव्हते, झोपही येत नव्हती. छताकडे बघत पडून राहिले. यांनी हाक मारली, मग पुन्हा मारली. चाळीस वर्षांत असं केलं नव्हतं. शेवटी थोरला दारात आला. "आई, बरं नाही का?" मी म्हटलं, "मला बरं आहे. तुझ्या बाबांना ओलं झालं असेल, बघ."

त्याने यांच्या खोलीत डोकावून पाहिलं. मग धाकट्याला बोलावलं. दोघांनी मिळून यांना उचललं तेव्हा जो काही गोंधळ झाला तो मी भिंतीपलीकडून ऐकला. चादर उलटी घातली, पाणी सांडलं, एकमेकांवर ओरडले. हे म्हणाले, "अरे हळू, मी काय पोतं आहे?" मला तीनदा उठावंसं वाटलं. नाही उठले. तोंडात पदर धरून पडून राहिले.

आता ठरलं आहे. दुपार माझी, सकाळ आणि रात्र त्यांची. हे दोन दिवस रुसले, धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी धाकट्याला स्वतःच सांगत होते, असा नाही, कुशीवर असा वळव. कंबर अजून दुखते. पण काजवे नाही चमकले परत.

घराच्या कागदांवर मी सही करणार नाही असं थोरल्याला सांगितलं. गिऱ्हाईक गेलं. तो म्हणाला, "मामीने तुला फितवलं." मी म्हटलं, ते घर माझ्या वडिलांचं आहे आणि चिमणी त्यात राहते, विषय संपला. तुझं वेड मला पटलं असं समजू नकोस, अजिबात पटलेलं नाही.

चार दिवसांनी माझं भागायचं नाही. शुक्रवारी येते, आठ दिवस राहीन. तिकीट मी स्वतः जाऊन काढलं. काल पिशवी भरत होते, तर थोरला मागे येऊन उभा राहिला. "आई, आठ दिवस? मग दुपारी बाबांना कोण बघणार?"

मी साड्यांच्या घड्या घालत होते. घालतच राहिले.

तुझी,
वन्सं